साखरखेर्डा की फत्तेखेडा?

गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो नावाचा. आणि साखरखेर्ड्याच्या बाबतीत आपले इतिहासग्रंथ नेमके तिथेच चुकतात, असे माझे स्पष्ट मत आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातले हे गाव. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजामउल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई जुंपली. मुबारिजखान पडला, दख्खन निजामाच्या हाती आली, आणि त्या आनंदात त्याने खेड्याचे नावच बदलून टाकले : फत्तेखेडा!

१९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरात हे गाव हुडकायचे तर 'फ'पाशी जावे लागते. साहेबाला दोष कशाला द्या? दप्तरात दिसले ते त्याने उचलले. पण आमच्या मराठी ग्रंथकारांनी तरी काय केले? पहिल्या बाजीरावाने निजामाला मदत केली, एवढ्यावर त्यांचा सारा भर. लढाईचे पान उलटले की गावही उलटले. जणू फौजा येण्यापूर्वी इथे नुसता माळच होता! सोळाव्या शतकातली खुदावंतखानाची मशीद तेव्हा इथे उभी होती, हे कुणी ध्यानात घेत नाही. पलसिद्ध स्वामींच्या मठाकडेही कुणी वळत नाही. यादव माधव काळ्यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' दिला, त्याचे ऋण मोठे आहे. पण प्रांताचा इतिहास निराळा आणि गावाचा निराळा.

माझ्या मते या गावाची खरी कथा लढाईनंतर सुरू होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे गेले, जालना मात्र निजामाकडेच राहिले. काही कोसांवर हद्द पडली. इकडे वऱ्हाड, तिकडे 'मोगलाई'. बरे, वऱ्हाडवरची निजामाची नावापुरती मालकी काही सुटली नव्हती. १९३६ मध्ये त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला तो त्यामुळेच. १९०३ पासून कारभार मध्यप्रांताला जोडलेला. सप्टेंबर १९४८ मध्ये मोगलाई संपली. १९५६ च्या नोव्हेंबरात गाव मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. साठीचा म्हातारा घराचा उंबरठा न ओलांडता एवढी राज्ये पाहून मोकळा झाला!

त्याला या बदलांचे काय वाटले? शेतसारा कुणाच्या शिक्क्याने भरला, मोगलाईत दिलेल्या लेकीकडे जाताना नाक्यावर काय झाले? हे सांगणारे कागद पाटील-कुळकर्ण्यांच्या बासनांत असतील, वतनदारांच्या माळ्यावर असतील. तिथवर जाण्याची तसदी आमचा इतिहासकार घेत नाही. त्याला सनावळी आणि सेनापती पुरतात.

निजामाने दिलेले नाव सरकारी कागदांत पावणेदोनशे वर्षे तरी टिकले. आज गावच्या पोलीस ठाण्याच्या पाटीवर मात्र साखरखेर्डा हेच नाव आहे.