एकांची रांग : चमत्कार आणि कारण

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या 'डेमलो' संख्या शाळांच्या गणित-प्रदर्शनांत हटकून भेटतात. हे नाव डोंबिवली स्थानकावरून आले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, असा मनोरा रंगीत तक्त्यावर रचलेला असतो आणि खाली 'गणितातील चमत्कार' असे लिहिलेले असते. नवी मुंबईतल्या शाळांतून असे तक्ते पाहताना आम्हांला एक गोष्ट खटकते. मनोरा नऊ एकांपाशी थांबतो, पण तो का थांबला हे तक्ता सांगत नाही.

दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या स्थानी बेरीज दहा होते, हातचा पुढे जातो आणि मनोरा ढासळतो. म्हणजे ही शोभा आपल्या दशमान लेखनाची आहे. द्विमान पद्धतीत ती दोन एकांनाच मोडते आणि तीन एकांनाही जुळत नाही. तेथे १११ म्हणजे ७. त्याचा वर्ग ४९ हा ११०००१ असा लिहिला जातो.

याच रांगेत एक अधिक खोल प्रश्न दडलेला आहे : यांतल्या मूळ संख्या कोणत्या? सहा एक घ्या. दोन-दोनांचे गट पाडले, की १११११६ नव्हे तर ११११११ = ११ × १०१०१ हे लगेच दिसते. एकांची संख्या संयुक्त असेल, तर असे गट नेहमीच पडतात. म्हणून मूळ संख्या हवी असेल, तर एकही मूळ संख्येइतकेच हवेत. उलट विधान मात्र खरे नाही : १११ = ३ × ३७, ११११११ सोडून पाच एक घेतले तरी १११११ = ४१ × २७१. दशमान पद्धतीत दोन एकांनंतर थेट १९ एकांची संख्या मूळ निघते; मग २३ आणि त्यानंतर एकदम ३१७.

गटांची ही युक्ती द्विमानातही तशीच चालते. तेथे एकांच्या रांगा म्हणजेच मर्सेन संख्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या द्विमानात लिहिली, तर ती १३,६२,७९,८४१ एकांची रांग होते. ती तोवर ज्ञात असलेल्यांत सर्वांत मोठी होती. 'ज्ञात' हा शब्द गाळू नये. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने फार पूर्वीच सिद्ध केले आहे.

आमची टीका कापरेकरांवर नाही. त्यांनी अंकांशी खेळून कुतूहल जागे केले. आपण त्याला कारणापर्यंत नेले नाही, तर विद्यार्थी गणिताला जादू समजतो. शिक्षकांनी तक्त्यावर दहावी ओळ कोरी ठेवावी आणि ती मुलांकडून भरून घ्यावी.