छापखान्यांचीं संग्रहालयें आणि पोथीशोधक

जुन्या पोथ्या व कागद जमविणाऱ्या मंडळींस छापखाना हा परका प्रांत वाटतो. पोथी हातानें लिहिलेली, म्हणून ती साधन. छापील पुस्तक बाजारांत मिळतें, म्हणून तें केवळ वाचनापुरतें, अशी वांटणी आपण मनाशीं करून ठेविली आहे. छापील पुस्तकासहि वय असतें, लेखक व वाचक यांच्यामध्यें तेथेंहि एक कारागीर उभा असतो, आणि त्याच्या हातचे दोष ओळखल्यावांचून पाठ ठरवितां येत नाहीं, ही जाणीव आपल्या याद्यांत क्वचितच दिसते. आम्हींहि बरींच वर्षें याच समजुतीनें काम केलें. ती समजूत सुटण्यास आमची एक चूक कारण झाली. पुढील परीक्षणाचें प्रयोजन त्या चुकींतच असल्यामुळें ती प्रथम सांगतों.

एका घरच्या रुमालांत आम्हांस एक पोथी मिळाली. आडवीं लांबट पानें, दोन्ही बाजूंस समासाच्या दुहेरी रेघा, अक्षर गोल व ठसठशीत, वळण कसलेल्या लेखकाचें. आरंभींचीं व शेवटचीं पानें गहाळ होतीं. आम्हीं ती हस्तलिखितांच्या यादींत घातली आणि वळणावरून तिचा काळ पेशवाईअखेरचा ठरविला. पुढें कांहीं वर्षांनीं दुसऱ्या एका संग्रहांत तोच ग्रंथ पाहण्यांत आला. पानागणिक ओळी त्याच, ओळीगणिक शब्द तेच, आणि एके ठिकाणीं लेखकाच्या हातून वांकडा गेलेला काना तोहि तसाच वांकडा. दोन हस्तलिखितांत असें होणें नाहीं. पोथी शिळाछापाची होती. मुंबईंत शिळाछाप आला तोच मुळीं पेशवाई बुडाल्यावर; गणपत कृष्णाजींनीं त्यावर पंचांग काढलें तें १८३१ सालीं. शिळाछापांत लेखक चिकट शाईनें कागदावर लिहितो व तें लिखाण दगडावर उतरवून घेतात. म्हणून लेखकाचा हात जसाच्या तसा राहतो, आणि आमच्यासारखे लोक फसतात. अक्षर वाचण्यांत आम्ही चुकलों नव्हतों. तें कागदावर कोणत्या वाटेनें आलें, एवढेंच आम्हांस कळलें नव्हतें.

ही वाट पायांखालीं घालावी या हेतूनें २०१९ सालीं युरोपांतील प्रवासांत आम्हीं छापखान्यांचीं दोन संग्रहालयें मुद्दाम पाहिलीं : एक बेल्जममधील अँटवर्पचें, दुसरें जर्मनींतील माइंझचें. ग्रंथाचें परीक्षण करतांना आपण जे प्रश्न विचारतों तेच त्यांस लावावेत, असें आम्हीं ठरविलें होतें. मूळ कोणतें व मागाहून घातलेलें कोणतें? जें सांगितलें आहे त्यास आधार काय? आणि वाचकाच्या पदरीं शेवटीं काय पडतें?

अँटवर्पचें प्लांटिन-मोरेटुस संग्रहालय हें खरें पाहतां संग्रहालय म्हणून बांधलेलेंच नाहीं. तो एका घराण्याचा वाडा व छापखाना होय. क्रिस्तोफ प्लांटिन हा मूळचा फ्रान्समधील पुस्तकबांधणीचा कारागीर. त्यानें १५५५ सालीं अँटवर्पास छापखाना घातला आणि १५७६ सालीं तो शुक्रवारच्या बाजारचौकांतील हल्लींच्या जागीं नेला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयानें त्यानें १५६८ ते १५७३ या वर्षांत हिब्रू, अरामी, सीरियाक, ग्रीक व लॅटिन अशा पांच भाषांतील बायबल आठ खंडांत छापलें. १५८९ त तो वारल्यावर धंदा जांवई यान मोरेटुस याजकडे गेला व त्याच्या वंशजांनीं तो १८६७ पर्यंत चालविला. १८७६ त शहरानें वाडा, यंत्रें, खिळे, ग्रंथ व दप्तर हीं सर्व एकत्र विकत घेतलीं आणि पुढील सालीं तीं लोकांस खुलीं केलीं. एका घरचा रुमाल सोडून त्याचे तुकडे दहा ठिकाणीं विकले गेले म्हणजे काय नासतें, हें आपल्यापैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. येथें तो रुमाल सुटलाच नाहीं.

छापण्याच्या दालनाच्या टोंकास १६०० च्या सुमाराचीं दोन लांकडी यंत्रें आहेत. जगांत आज उरलेल्या छापयंत्रांत तीं सर्वांत जुनीं समजलीं जातात. खिळ्यांच्या दालनांत गारामों, ग्रांजों यांसारख्या सोळाव्या शतकांतील नामांकित कारागिरांनीं पोलादांत कोरलेले पंच आहेत. पंचांची संख्या सुमारें साडेचार हजार. त्यांवरून तांब्यांत उठविलेल्या मातृका पंधरा हजारांहून अधिक. आमच्या मतें मात्र या सर्वांपेक्षां मोलाचें आहे तें दप्तर. मजुरीच्या वह्या, कागदखरेदीचे हिशेब, पत्रव्यवहार, कोणतें पुस्तक किती छापलें याच्या नोंदी, हें सारें यंत्रांच्या शेजारींच आहे. लेऑन व्होएट यांनीं दोन खंडांत लिहिलेला या घराण्याचा इतिहास (१९६९–७२) बहुतांशीं याच कागदांवर उभा आहे. एका यंत्रावर दोन माणसें, एक शाई लावणारा व एक दांडा ओढणारा, दिवसाकांठीं सुमारें बाराशें पन्नास ताव दोन्ही बाजूंनीं छापून काढीत, हें त्या कागदांमुळें कळतें. दांडा दिवसांतून हजारों वेळां ओढावा लागे, हें मनांत आणून त्या यंत्राकडे पाहिलें म्हणजे छापील पानावरचा एखादा फिका कोपरा कारागिराच्या दुखऱ्या खांद्यामुळेंहि आला असेल, हें सुचतें. वस्तु व कागद एकमेकांस साक्ष देतात, हा या संग्रहालयाचा पहिला गुण. त्या दप्तराची २००१ सालीं जागतिक स्मृतिसंग्रहांत व वाड्याची २००५ सालीं जागतिक वारशांत गणना झाली, ती यथायोग्यच होय.

परंतु अशा जागीं मूळ वस्तूस हात लावतां येत नाहीं, व लावूं देऊंहि नये. पाहणारा यंत्र पाहतो, नांव वाचतो आणि पुढें जातो. आमच्या चुकीवर उतारा म्हणून तें पुरेसें नव्हतें.

तो उतारा माइंझ येथें सांपडला. गुटेनबर्ग संग्रहालय १९०० सालीं निघालें. १४५५ च्या सुमारास छापलेल्या बेचाळीस ओळींच्या बायबलाच्या प्रती हें त्याचें भूषण. परंतु आम्हीं जें येथें नमूद करीत आहों तें त्याच्या जोडीस १९८९ सालीं निघालेल्या छापशाळेविषयीं. तेथें आलेला माणूस स्वतः खिळे उचलतो, जुळवितो, शाई लावतो व यंत्र चालवितो. आम्हांस छाप्यांतलें कांहीं ठाऊक आहे असें आम्ही समजत होतों. पहिली ओळ जुळवून होतांच तो समज गेला. अक्षर खिळ्यावर उलटें असतें व ओळ डोकें खालीं करून वाचावी लागते. बोटें शाईनें भरतात, आणि ओळ घट्ट न बसल्यास सर्व खिळे हातांत ढासळतात.

तेथें जें शिकलों तें पोथीशोधकाच्या उपयोगाचें म्हणून थोडक्यांत देतों. खिळ्याचा छाप कागदांत रुततो. पान तिरपें धरून मागची बाजू पाहिली तर अक्षर उठलेलें दिसतें. शिळाछाप सपाट दगडावरचा, म्हणून त्यांत रुत नाहीं. शाई सर्वत्र सारखी, बोरू दौतींत बुडविल्यानंतरचा गडदपणा व पुढें येणारा फिकेपणा त्यांत दिसत नाहीं. ताम्रपटाच्या छाप्यांत शाई कागदावर किंचित् उंच राहते व पत्र्याची कड पानावर उमटते. शब्दांमधील कोरा खिळा वर सरकला तर त्या जागीं काळा चौकोनी डाग पडतो. असा डाग दिसला कीं तें पान खिळ्यांचें, यांत संशय नको.

याहून महत्त्वाचा मुद्दा पाठाचा. लेखक चुकतो तो डोळ्यानें : एकच शब्द दोन ओळींत आला कीं त्याची नजर खालच्या ओळीवर उडी घेते आणि मधला मजकूर गळतो. जुळाऱ्याचीहि नजर अशी उडते; पण त्याची खास चूक हाताची असते. वापरलेला खिळा परत टाकतांना शेजारच्या घरांत पडला, तर पुढच्या वेळीं अर्थाशीं कांहीं संबंध नसलेलें अक्षर शब्दांत शिरतें. एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ पोथ्या छापील पुस्तकांवरून उतरल्या आहेत. हस्तलिखितांत जुळाऱ्याची चूक आढळली, तर ती पोथी कितीहि जुनाट दिसो, तिचें मूळ छापील आहे असें धरून शोध चालविला पाहिजे. नुसतें वाचून ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली नसती.

आतां दोष. गुटेनबर्गचें स्वतःचें यंत्र आज अस्तित्वांत नाहीं. त्याचें म्हणून जें दाखवितात तें उत्तरकालीन चित्रांवरून केलेलें अनुमान होय. खिळे ओतण्याच्या रीतीविषयींहि असेंच आहे. पोलादी पंच, तांब्याची मातृका व हातसांचा ही रीत गुटेनबर्गनें काढली, असें पिढ्यान् पिढ्या शिकविलें जातें. २००१ च्या सुमारास नीडहॅम व आग्वेरा इ आर्कास या दोघांनीं त्याच्या एका जुन्या खिळ्याच्या छापांचें सूक्ष्म मापन केलें. एकाच अक्षराच्या आकारांत इतके भेद आढळले कीं तीं सर्व एका मातृकेंतून निघालीं असें म्हणणें कठीण झालें. वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु डोळ्यांसमोर तापलेलें शिसें सांच्यांत पडून चकचकीत खिळा बाहेर आला, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनांत वादाला जागाच उरत नाहीं. हा दोष त्या संस्थेचा नव्हे, प्रात्यक्षिकाच्या स्वभावाचा आहे. ‘बहुधा’ हा शब्द हातानें करून दाखवितां येत नाहीं.

आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर अँटवर्प हें दप्तर आहे व माइंझची छापशाळा ही बखर आहे. बखर प्रसंग डोळ्यांपुढें उभा करते, माणसें बोलतीं करते; पण अस्सल पत्राशीं ताडून पाहिल्याशिवाय तिचा शब्द घेतां येत नाहीं. उलट नुसत्या पत्रांच्या गठ्ठ्यांत जन्म घालवून लढाई कशी झाली असेल हें न उमगणारे संशोधकहि आपण पाहिले आहेत. दोहोंचा उपयोग आहे. कोणतें काय आहे याचा विसर मात्र पडूं नये.

आतां घरचें पाहूं. प्लांटिननें छापखाना घातला त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १५५६ सालीं, गोव्यांत छापयंत्र उतरलें. म्हणजे काळानें आपण मागें नव्हतों. फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं रोमन लिपींत छापून निघालें व पुढें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या झाल्या. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत ज्ञात नाहीं. ग्रंथ आपणांस मिळाला तो हस्तलिखितांमुळें. छापील तेवढें टिकाऊ व हातचें तेवढें नाशिवंत, असें मानणाऱ्यानें हें उदाहरण ध्यानीं ठेवावें. मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानें १८०५ सालीं तांब्याचे पत्रे कोरून गीता छापली गेली. श्रीरामपुरास केरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनीं छापला गेला. हात न उचलतां लिहावयाची लिपी सुट्या खिळ्यांत बसविणें ही केवढी अडचण! गुटेनबर्गनेंहि हस्तलिखिताची नक्कल साधावी म्हणून जोडाक्षरें व संक्षेप धरून सुमारें २९० निरनिराळे खिळे केले होते. मोडीचा खिळा पाडणाऱ्या कारागिरानें कोणतीं वळणें तोडलीं व कोणतीं राखिलीं, हें मोडी वाचणाऱ्या आपल्या मंडळीनेंच तपासावयाचें आहे.

पुढें गणपत कृष्णाजी झाले, १८६९ त जावजी दादाजींचा निर्णयसागर निघाला, आणि देवनागरी खिळ्यास डौल आला. या सर्वांचीं पुस्तकें आपण जपलीं. परंतु हत्यारें? शिळाछापाचा दगड पुढच्या कामासाठीं घांसून काढीत, म्हणजे प्रत्येक नवें पुस्तक जुन्याचें मूळ पुसून टाकी. खिळे झिजले कीं वितळवीत. आणि नवीं यंत्रें आल्यावर गांवोगांवच्या छापखान्यांतले उरलेले खिळे वजनावर विकले गेले. छापखान्यांच्या हिशेबाच्या वह्या रद्दींत गेल्या, त्याची तर कोणीं गणतीहि ठेविली नाहीं. पोथी रद्दींत गेली तर आपण हळहळतों; ही हळहळ छापखान्याच्या वाट्यास आली नाहीं, आणि त्याचा दोष आपल्याकडेहि येतो.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी. यादी करतांना ‘हस्तलिखित’ एवढेंच न लिहितां अक्षर बोरूचें, खिळ्याचें, शिळेचें कीं ताम्रपटाचें, हें पाहून स्वतंत्र रकान्यांत नोंदवावें. शिळाछापाचा दगड, खिळ्यांची पेटी, तपासलेलीं मुद्रितें व छापखान्याची वही सांपडल्यास ती पोथीइतकीच साधन मानून ठेवावी व एका ठिकाणचें दुसऱ्या ठिकाणीं विखुरूं देऊं नये. यादी करणाऱ्या नवशिक्यानें एक दिवस तरी, जेथें खिळे अजून जुळवितात अशा छापखान्यांत बोटें काळीं करावींत. आणि पुढेंमागें आपल्याकडे असें संग्रहालय उभें राहिलें, तर त्यांत अस्सल तें अस्सल व अनुमान तें अनुमान अशी पाटी ठळक अक्षरांत लावावी.

आमच्या यादींतील ती नोंद आम्हीं दुरुस्त केली आहे. जुनी नोंद खोडली नाहीं. तिच्याखालीं नवी लिहिली, म्हणजे चूक कोठें झाली तें पुढच्यास दिसेल. त्या यादींत तशाच दिसणाऱ्या आणखी सात पोथ्या आहेत. त्या आतां पुन्हा उजेडांत तिरप्या धरून पाहावयाच्या आहेत.