खोडकविता आणि पुसलेली लेखिका

इरेझर पोएट्री म्हणजे आधीच्या छापील मजकुरातील बहुतेक शब्द पुसून, उरलेल्यांतून सिद्ध केलेली कविता. प्रस्तुत निबंधात तिला ‘खोडकविता’ म्हटले आहे. स्त्रियांचा दुर्लक्षित वाङ्मयेतिहास पुन्हा हस्तगत करण्याचे साधन म्हणून या प्रकाराकडे पाहिले जाते. ही भूमिका सरसकट स्वीकारता येईल काय, हा येथील प्रश्न आहे.

जेन बर्विन यांनी ‘नेट्स’ (२००४) मध्ये शेक्सपिअरची सुनीते घेतली. मूळ सुनीत फिकट करड्या अक्षरांत तसेच ठेवून निवडक शब्द तेवढे ठळक केले. वाचकाला दोन्ही पाठ एकाच वेळी दिसतात. शिवाय शेक्सपिअरचे यात काही हरवत नाही. त्याच्या आवृत्त्या कोठेही मिळतात.

मेरी रूफल यांच्या ‘अ लिटल व्हाइट शॅडो’ (२००६) ची स्थिती वेगळी आहे. याच नावाचे मूळ पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. लेखिका एमिली मॅलबोन मॉर्गन (१८६२–१९३७), श्रमिक स्त्रियांसाठी विश्रामगृहे उभारणाऱ्या. रूफल यांनी त्या जुन्या पानांवर पांढरे करेक्शन फ्लुइड फिरविले, टंकलेखनातील चुका झाकण्यासाठी कचेऱ्यांत वापरीत तेच. उरलेल्या ओळी विलक्षण आहेत, हे मान्यच करावे लागते. परंतु त्या थराखालची मॉर्गन यांची कथा वाचता येत नाही, आणि ती अन्यत्र शोधील असा वाचकवर्गही त्यांच्यामागे नाही. रूफल यांचे काव्य यामुळे उणे ठरत नाही. मात्र त्याला पुनःप्राप्ती म्हणणे म्हणजे विस्मृत लेखिकेला दुसऱ्यांदा पुसणे होय. पुरुषाच्या प्रतिष्ठित संहितेवरची खोड आणि स्त्रीच्या विस्मृत संहितेवरची खोड या एकच कृती नव्हेत.

मराठीतील अनुभवही हेच सांगतो. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) दीर्घकाळ विस्मरणात होता. तो पुन्हा चर्चेत आला तो स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये केलेल्या पुनर्मुद्रणामुळे. तेथे शब्द खोडणे नव्हे, छापणे निकडीचे होते. मराठी कवयित्रीने खोडकविता रचायचीच, तर ताराबाईंचे पान घेऊ नये. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या १८८१ मधील खटल्याच्या निमित्ताने विधवांवर तुटून पडलेले वर्तमानपत्री लेखन घ्यावे. ताराबाईंनी उत्तर दिले होते ते त्याच लेखनाला.