हुबेहूबपणाची फूटपट्टी

पवित्र हृदयाची तसबीर आपल्या बहुतेक घरांत असते. गुलाबी गाल, मऊ केस आणि एका बाजूने अंगावर पडलेला सौम्य उजेड. लहानपणापासून ती पाहून प्रभूचे चित्र असेच असावे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. मग फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या १९५९ सालच्या 'क्रुसिफिक्शन'ची छापील प्रत कुणी समोर धरली, की तो काळा, काटेरी ख्रिस्त पाहून आपण मान फिरवतो. गोव्यातील साळगावच्या कॅथलिक घराण्यात १९२४ साली जन्मलेल्या या चित्रकाराने श्रद्धेची विटंबना केली, असेही बोलले जाते. सूझा भाविक होते असा माझा दावा नाही. धर्मसत्तेशी त्यांचे चांगलेच वाजले होते. पण या चित्राला विटंबना म्हणणे मला घाईचे वाटते.

हुबेहूब चित्रणाची युरोपीय परंपरा मुळात देवालयाच्या भिंतीवरच वाढली. १३०५च्या सुमारास पादुआच्या प्रार्थनामंदिरात जोत्तोने प्रभूच्या मृतदेहाभोवती शोक करणारी माणसे रंगवली. त्यांतल्या दोघी तर आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. सोनेरी पार्श्वभूमीवर तरंगणाऱ्या संतांना येथे प्रथमच वजन आले. पुढे फ्लॉरेन्सच्या भिंतीवर मसाच्चोने पवित्र त्रैक्याचे चित्र असे काढले, की सपाट भिंतीत खोल दालन असल्याचा भास व्हावा. त्यानंतरची सुमारे चारशे वर्षे युरोपची चित्रकला याच व्याकरणाने चालली.

त्या व्याकरणाची एक कसोटी आपल्या खानदेशच्या वेशीवर लागली. १८४४ साली कंपनी सरकारने मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यास धाडले. त्याने त्या तैलरंगात केल्या. अजिंठ्याच्या चित्रकाराला एका खिडकीतून येणारा उजेड नको असतो. त्याची आकृती रेषेतून उमलते आणि तिची सावली जमिनीवर पडत नाही. युरोपीय वळणाच्या हाताने हे सारे कॅनव्हासवर उतरवताना गिलची काय ओढाताण झाली असेल! त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. तोवर ब्रशच्या जोडीला त्याच्या हाती कॅमेराही आला होता. १८७९ साली तो वारला आणि भुसावळला त्याची कबर आहे. ना. धों. महानोरांच्या दीर्घ कवितेमुळे व २०१२च्या चित्रपटामुळे गिल म्हटले की लोकांना पारू आठवते. मला मात्र एकाच माणसाच्या हाती आलेला हा ब्रश आणि कॅमेरा अधिक महत्त्वाचा वाटतो.

कारण तिकडे पॅरिसमध्येही हाच प्रश्न उभा होता. १८३९ साली दागेरची छायाचित्रकला जगापुढे आली. त्याच वर्षी सेझान जन्मला. हुबेहूबपणाचे काम यंत्राने उचलल्यावर चित्रकाराकडे उरले काय? १८७४ साली मोने, देगा आणि त्यांच्या मित्रांनी आपले पहिले प्रदर्शन मांडले, तेही नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत! मोने क्षणाक्षणाला पालटणाऱ्या उजेडामागे लागला. सेझानने एकच डोंगर पुन्हा पुन्हा रंगवून त्याची घडण शोधली. गोगँ व व्हॅन गॉग यांनी जपानी छापचित्रांतून सपाट रंग आणि बोलकी रेषा घेतली. रेषेचे हे सामर्थ्य गिल अजिंठ्यात वर्षानुवर्षे पाहत होता, पण युरोप ते शिकला दुसरीकडून.

चाळीसगावच्या केकी मूस यांनी (१९१२–१९८९) नेमकी उलटी वाट धरली. इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या या पारशी कलावंताने आपल्या बंगल्याला रेम्ब्रांचे नाव दिले आणि पुढचे आयुष्य बव्हंशी त्याच घरात काढले. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर उजेड खेळवून ते मोठ्या दृश्यांचा भास करीत. जे काम ब्रशने सोडले होते, ते त्यांनी कॅमेऱ्याकडून करवून घेतले. त्यांची साधना विलक्षण होती. तरी त्यांच्या छायाप्रकाशात मन रमले, म्हणून त्याच मापाने सूझांना मोजता येणार नाही.

सूझांच्या काळ्या रेषेचे नाते वेगळ्याच ठिकाणी जुळते. जॉर्ज रूओ हा श्रद्धावान फ्रेंच कॅथलिक चित्रकार पोरवयात रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्याकडे उमेदवारी करीत होता. काचेचे तुकडे सांधणारी शिशाची काळी पट्टी त्याने पुढे आपल्या चित्रात आणली. 'मिझेरेरे' या त्याच्या अठ्ठावन्न छापचित्रांत ख्रिस्ताचा चेहरा त्याच जाड रेषेने बांधलेला आहे. तो सुंदर नाही, थकलेला आहे. फटके खाऊन, काट्यांचा मुकुट घालून, क्रूस वाहून आलेल्या माणसाचा चेहरा गुलाबी कसा असेल? उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने आपण दरवर्षी फिरतो, पण तसबिरीपुढे उभे राहताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही. सूझांना तो पडला होता.