एक बटा बहात्तर

मराठी माणूस कशाचीही समीक्षा करतो. कवितेची करतो, नाटकाची करतो, लग्नातल्या मठ्ठ्याची तर पंगत उठायच्या आत करतो. पण जोडायच्या प्लास्टिकच्या विमानाच्या खोक्याची समीक्षा कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक हा सरळसरळ वाङ्मयप्रकार आहे. त्याला मुखपृष्ठ आहे, कथानक आहे, अंक आणि प्रवेश आहेत, पात्रं आहेत (की नाहीत, त्याबद्दल पुढे बोलू), आणि शेवटही अगदी ठरलेला आहे. विमान कपाटावर जातं आणि धूळ खातं. पुष्कळ कादंबऱ्यांचंही हेच होतं, पण त्यांच्यावर निदान परीक्षणं येतात.

या प्रकाराचं घराणं मुख्यतः इंग्रजी. त्यातला आद्य नसला तरी सर्वांत लोकप्रिय प्रकाशक म्हणजे एअरफिक्स. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थांनी 1939 मध्ये ही कंपनी काढली. नावाशी विमानाचा संबंध नव्हता. व्यापारी डिरेक्टरीत पहिल्या पानावर यावं म्हणून ‘ए’वरून नाव शोधलं, असं सांगतात. सुरुवातीला हवा भरायची खेळणी, मग कंगवे. 1949 मध्ये ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी एक छोटा ट्रॅक्टर बनवून दिला. पण तो जोडण्यातच फार खर्च व्हायला लागला, तेव्हा ‘तुमचं तुम्हीच जोडा’ असं ठरवून सुटे तुकडेच विकायला काढले. 1952 मध्ये एक जहाज पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत ठेवलं, आणि मग विमानं आली. आपलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालून त्याचे वर पैसे घेणं, आणि गिऱ्हाइकाने त्याला छंद म्हणणं, हे फक्त इंग्रजांनाच जमावं.

विमानं बहुतेक एक बटा बहात्तर मापाची. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट इथे एका इंचात बसवायचे. सहा फुटी माणूस उभा केला तर एक इंच. हे माप लक्षात ठेवा.

आता मुखपृष्ठ. रॉय क्रॉस नावाच्या चित्रकाराने 1964 पासून दहाएक वर्षं या खोक्यांवर जी चित्रं काढली, तशी त्यानंतर क्वचितच पाहायला मिळाली. ढग फाडत येणारं विमान, पंखाखाली तिरपा झालेला समुद्र, मागे धूर. दुकानात उभं राहून नुसतं खोकं बघितलं तरी कानात इंजिन सुरू व्हायचं. आत मात्र करड्या प्लास्टिकच्या काड्यांची चौकट, आणि तिला मांडवावरच्या घोसाळ्यांसारखे लोंबणारे तुकडे. सिनेमाच्या बोर्डावर हिरो वाघाशी झुंजतोय आणि आत वाघ सर्कशीच्या पिंजऱ्यात झोपलाय, तसा प्रकार. तरीही या फसवणुकीबद्दल कुणी तक्रार करत नाही. कारण घरी आल्यावर आपण जे जोडतो, ते तुकडे नसतातच. आपण ते चित्रच जोडत असतो.

आणि म्हणूनच पुढे जे झालं ते मला पटलेलं नाही. कालांतराने यातल्या काही चित्रांमधल्या ज्वाळा आणि स्फोट पुसून टाकण्यात आले. लहान मुलांच्या हातात जाणारी वस्तू, तिच्यावर हिंसा नको, इतका साधा सद्हेतू. परिणाम असा की खोक्यावरची लढाऊ विमानं कसल्याही कारणाशिवाय आभाळात वेडीवाकडी फिरू लागली. रॅली चुकलेल्या स्कूटरस्वारांसारखी. आत बॉम्ब मात्र होते तसेच. त्यांना नंबर होते, ते कुठे चिकटवायचे त्याची खूण होती. म्हणजे बॉम्ब लावायचा, पण तो फुटतो हे सांगायचं नाही. याला मी संपादन म्हणत नाही.

जर्मन विमानांची निराळीच अडचण. त्यांच्या शेपटीवर स्वस्तिक असायचं. जर्मनीत त्या चिन्हाला कायद्याने बंदी, त्यामुळे पुष्कळ खोक्यांतल्या डेकलच्या कागदावर ते नसतंच, किंवा दोन अर्ध्या तुकड्यांत असतं. जोडायचं पाप तुमचं तुम्ही करा. माझ्याकडच्या मेसरश्मिटच्या शेपटीवर ते जोडलेलं बघून आमच्या मावशी म्हणाल्या, “दसऱ्याला पूजा केलीस होय रे विमानाची? छान केलंस. हळदकुंकू नाही वाहिलं?” मी त्यांना हिटलर समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तरी मी म्हणतच होते, तिरपं का काढलंय.”

मुखपृष्ठानंतर संहिता, म्हणजे सूचनापत्रक. हे पत्रक जुन्या काळी शब्दांत असे, आता बहुतेक चित्रांतच असतं. शब्दांचा काळ मला अधिक प्रिय. त्यात गोंदाला ‘सिमेंट’ म्हणत. 1982 च्या आधी ज्यांनी परमिटवर सिमेंटच्या गोणी मिळवण्यासाठी हेलपाटे घातलेत, त्यांना ‘शेपटीला सिमेंट लावा’ हे वाक्य वाचताना जो आनंद होतो तो कुठल्या लंडनच्या पोराला व्हायचा? बाकी शब्द चुकीचा नाही. हा गोंद नुसता चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. जास्त झाला तर तुमचा अंगठाही विमानात एकजीव होतो, आणि पंखावर त्याचा ठसा कायमचा राहतो, एखाद्या दस्तऐवजावरच्या निशाणीसारखा.

पत्रकातल्या चित्रात विमानाचा प्रत्येक भाग दुसऱ्यापासून सुटून हवेत तरंगत असतो. खोक्यावरून जो स्फोट पुसला तो बहुधा इथे आणून ठेवला असावा.

कथानकाची रचना मात्र विचित्र आहे. नायक पहिल्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात येतो. खुर्ची जोडा, तीत वैमानिक बसवा. मग विमानाच्या पोटाच्या दोन फाका मिटतात, त्यावर पारदर्शक काचेचं झाकण बसतं, आणि नायक उरलेले सगळे अंक आतून गपचूप बघत बसतो. त्याच्याकडे पुन्हा कुणाचं लक्ष जात नाही. सगळ्यांचं लक्ष असतं ते रिव्हेटांकडे.

रिव्हेट हा या समीक्षेतला सनातन वाद. जुन्या खोक्यांतल्या विमानांच्या अंगावर गोवर आल्यासारखे उठावदार रिव्हेट असत. आता हिशेब करा. मॉडेलवरचा अर्धा मिलिमीटर रुंदीचा टिपका खऱ्या विमानावर छत्तीस मिलिमीटर होतो. म्हणजे जवळजवळ पेढा. अंगभर पेढे चिकटवलेलं विमान कुठल्या हवाई दलाने उडवलं असेल? गंमत म्हणजे स्पिटफायरच्या बाबतीत असा एक प्रयोग खरोखर झाला होता. पत्र्यात सपाट बसणारे रिव्हेट करायला वेळखाऊ आणि महाग. गोल डोक्याचे स्वस्त. तेव्हा गोल डोक्याने नुकसान किती होतं हे बघायला इंजिनिअरांनी प्रत्येक सपाट रिव्हेटावर अर्धा वाळका वाटाणा चिकटवला आणि विमान उडवलं. वेग ताशी बावीस मैलांनी उतरला. मग एकेका भागावरचे वाटाणे काढत पुन्हा पुन्हा उडवून पाहिलं, आणि कुठे काटकसर चालेल ते ठरवलं. वाटाण्याची उसळ होते, रगडा होतो, एवढंच आपल्याला ठाऊक. इंग्रजांनी त्याच्यावर महायुद्धाची तयारी केली.

या रिव्हेटांवरूनच छंदातल्या समीक्षकांना इंग्रजीत ‘रिव्हेट मोजणारे’ असं नाव पडलंय. आपल्याकडे कवितेतल्या मात्रा मोजणारे असतात त्यांचीच ही चुलत शाखा. एका प्रदर्शनात असे एक गृहस्थ माझ्या स्पिटफायरपाशी थांबले. खिशातून भिंग काढलं.

“महिना कुठला?”

“ऑगस्ट,” मी म्हणालो.

“आत्ताचा नाही हो. विमानाचा.”

“जुलै एकोणीसशे चाळीस.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. “मे असता तर पोटाचा एक पंख काळा आणि एक पांढरा लागला असता.”

हे खरं आहे. जून 1940 च्या सुमाराला ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पोटाचा रंग बदलला आणि ‘स्काय’ नावाचा रंग आला. हा रंग फिकट हिरवट आहे. ज्या देशात आभाळ हिरवट असतं तिथल्या लोकांनी घरात बसून विमानं जोडली तर नवल नाही.

गृहस्थांनी भिंगातून चाकं पाहिली, पंखाच्या मागच्या कडेची जाडी पाहिली, तोफांची तोंडं पाहिली. वैमानिकाकडे त्यांनी पाहिलं नाही. ते काम केलं शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने. ती घरी आली, तिने काचेच्या झाकणाला नाक लावलं आणि विचारलं, “काका, याला तोंड का नाहीये?”

मी आजवर वाचलेल्या मॉडेल-समीक्षेत याहून नेमकं वाक्य नाही. जुन्या एअरफिक्समध्ये वैमानिक नावाचा जो ठोकळा मिळे, तो एकच होता. स्पिटफायरमध्ये तोच आणि त्याला पाडायला येणाऱ्या मेसरश्मिटमध्येही तोच. हात मांडीवर, मान सरळ, चेहरा पुसलेला. मुलाखतीला बाहेर बाकावर बसलेल्या उमेदवारासारखा. कापडाच्या पंखांचं विमान असो की जेट, खुर्चीत हाच. ज्या वाङ्मयाला मे आणि जुलैमधल्या पोटाचा फरक कळतो, त्याला या बाजूचा माणूस आणि त्या बाजूचा माणूस यांत फरक करावासा वाटला नाही. एका परीने ही फार थोर शांततावादी भूमिका झाली असती. पण ती भूमिका नव्हती, साच्याचा खर्च वाचवला होता.

लँकेस्टर बॉम्बरचं उदाहरण घ्या. हे चार इंजिनांचं विमान या मापात दीड फुटाच्या आसपास भरतं, कपाटावर बसतच नाही. त्यावर सात जण जात. लँकेस्टर ज्या दलाचं, त्या बॉम्बर कमांडची युद्धात 55,573 माणसं गेली. एकूण सव्वा लाखांपैकी. ही माणसं विमानाच्या पोटात कुठे बसत, थंडी किती असे, शेपटीकडच्या तोफवाल्याला मागे वळायलाही जागा नसे, हे मी पुढे पुस्तकांतून वाचलं. ते विमान स्वतःच्या हाताने जोडताना मला यातलं काही कळलं नाही. कळलं एवढंच की डाव्या बाजूचं चाक नीट बसत नाही.

आपल्याला तर हा घोळ जास्तच जाणवतो. नॅट विमान आपल्या मनात आहे ते 1965 च्या लढाईतलं, सेबरांच्या मागे लागलेलं. निर्मलजीत सिंग सेखों 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरहून उडाले, एकटे अनेकांशी लढले आणि परत आले नाहीत, ते याच विमानात. ते एकाच माणसाचं विमान. एअरफिक्सने काढलं ते प्रशिक्षणाचं नॅट. लाल रंगाचं, कसरतींचं, दोन खुर्च्यांचं. पंख मोठे, नाक लांब. यातून आपलं नॅट काढायचं म्हणजे नाक कापायचं, पंख तासायचे, आणि एक खुर्ची कमी करायची. म्हणजे इथेही पहिली गदा माणसावरच.

पण संहिता अपुरी असली तर नट तिच्यात भर घालतोच. मोहिंदर सिंग पुज्जी 1940 मध्ये आणखी तेवीस भारतीय वैमानिकांबरोबर ब्रिटनला गेले आणि तिथे हरिकेन उडवू लागले. ते पगडी घालून उडत, कानावरचा रेडिओ त्या पगडीवरून बसवून घेत. त्यांचं विमान एकदा कोसळलं तेव्हा डोकं वाचलं ते पगडीच्या घड्यांमुळे, असं ते सांगत. मी त्यांचं हरिकेन करायला घेतलं. सहा फुटी माणूस एक इंच, हे माप लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. त्या हिशेबाने डोकं आलं तीन मिलिमीटर आणि पगडी त्याहून थोडी मोठी. कोपऱ्यावर बसलेला ठोकळा चिमट्यात धरायचा, पुट्टीचा मोहरीएवढा कण घ्यायचा आणि सुईच्या टोकाने त्याला घड्या घालायच्या. अकरा वेळा पगडी गालिच्यात गेली. बारावी बसली.

मग तोंड. पत्रकात प्रत्येक रंगाला हम्ब्रॉलचा नंबर असतो. कातडीला एकच नंबर आहे, 61. तो गुलाबी आहे. हरिकेनच्या पंखावरच्या मातकट पट्ट्यांसाठी 29 नंबरचा डबा उघडलेलाच होता. त्यातले दोन थेंब 61 मध्ये टाकले, काडीने ढवळलं, आणि शेजारच्या मुलीला हाक मारली. तिने झाकण लावायच्या आधी बघितलं आणि म्हणाली, “आता डोळे.”