'समुद्र' : अर्थाची व्याप्ती

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर सागरापासून शेकडो मैल दूर. मग नावात 'समुद्र' का? 'सागर' हा एकच अर्थ गृहीत धरणाऱ्यास हे कोडे सुटत नाही. संस्कृत 'समुद्र' म्हणजे मूलतः जलसंचय. 'सम्' या उपसर्गास जलवाचक 'उद' जोडून तो सिद्ध होतो. कन्नड देशात तो मोठ्या तलावासही लागतो. होयसळांची राजधानी दोरसमुद्र त्याची साक्ष होय. फारसी 'दर्या' मराठीत सागर झाला, पंजाबीत मात्र नदी. जलवाचक शब्द असे प्रदेशपरत्वे पालटतात. म्हणून समुद्रपूरचे पूर्वपद तलाववाचक की व्यक्तिवाचक, हे केवळ शब्दसाम्यावरून न ठरविता जुने लेख, भूरचना व स्थानिक उच्चार यांच्या आधारे ठरविणेच युक्त होय.