पाऊस मिलिमीटरमध्ये, धरण टीएमसीत

जुलै महिना उजाडला की पुण्यातील वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पाण्याचे आकडे येऊ लागतात. शिवाजीनगरच्या वेधशाळेत चोवीस तासांत इतके मिलिमीटर पाऊस झाला. खडकवासला साखळीतील चार धरणांत मिळून इतके टीएमसी पाणी साठले. मुठा नदीत इतके हजार क्युसेक पाणी सोडले. आणि महापालिका शहराला रोज इतके दशलक्ष लिटर पाणी पुरवते. चारही बातम्या एकाच पाण्याच्या आहेत. आकाशातून पडलेले, धरणात साठलेले, नदीत सोडलेले आणि आपल्या नळाला आलेले पाणी एकच. मापे मात्र त्यातील दोन मेट्रिक, दोन ब्रिटिश. ही केवळ गैरसोय आहे असे अनेकांना वाटते. आमच्या मते ती त्याहून गंभीर बाब आहे.

काही काळापूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता: एक टीएमसी पाणी शहराला किती दिवस पुरेल? टीएमसी म्हणजे ‘थाउजंड मिलियन क्युबिक फीट’, अर्थात शंभर कोटी घनफूट, हे काहींनी बरोबर सांगितले. पुढचे गणित मात्र कोणी तोंडी करू शकले नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. उत्तर काढायला आम्हांलाही कागद आणि रूपांतराचा कोष्टक घ्यावा लागला होता. ज्या पाण्यावर आपले जीवन अवलंबून आहे त्याचा हिशोब विज्ञान शिकवणाऱ्यांनाही चटकन करता येऊ नये, हे कशामुळे?

प्रथम थोडा इतिहास पाहू. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वीच, १९५६ साली, वजनमापांचा कायदा झाला होता आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने वापरात आली. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा हे सारे पाठ करण्यात आणि त्यांचे हिशोब मांडण्यात ज्या पिढ्यांचे बालपण गेले, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगावे लागत नसे. बाजारातील बदल पाहता पाहता पूर्ण झाला. आज भाजीवाल्याकडे कोणी शेर मागत नाही आणि दूध लिटरनेच घेतले जाते.

परंतु घरातील काही कोपरे या बदलातून सुटले. आपण उंची फूट-इंचांत सांगतो. शिंपी इंचांची टेप वापरतो. सदनिका चौरस फुटांत विकत घेतो आणि दूरचित्रवाणी संचाचा पडदा इंचांत. वाळू आणि खडी ‘ब्रास’वर येते. हा ब्रास म्हणजे शंभर घनफूट. नळ जोडणारा कारागीर ‘अर्ध्या इंची’ पाइप मागतो. पण त्या लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास मोजला तर तो एकवीस मिलिमीटरच्या आसपास भरतो. तेथे ‘अर्धा इंच’ हे माप राहिलेले नसून नाव झाले आहे. सराफाच्या दुकानातील तोळ्याचेही तसेच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज बोलण्यातला तोळा दहा ग्रॅमचा धरला जातो.

या सगळ्याने काही बिघडते का? बहुतेक ठिकाणी नाही. उलट जुन्या मापांचे काही गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. फुटाचे बारा इंच होतात आणि बाराला दोन, तीन, चार व सहा यांनी नि:शेष भाग जातो. दहाला फक्त दोन आणि पाच यांनीच जातो. फळीचे तीन सारखे भाग करणाऱ्या सुताराला बारा ही संख्या सोयीची वाटली तर त्यात नवल नाही. शिवाय माणसाची उंची पाच फूट चार इंच म्हटली की ती डोळ्यांपुढे उभी राहते. १६२ सेंटिमीटर म्हटले की अनेकांना अजून क्षणभर थांबावे लागते. सवयीला मान दिल्याने विज्ञानाचे काही नुकसान होत नाही.

मग मेट्रिक पद्धतीचा खरा फायदा कोणता? दहाने गुणण्या-भागण्याची सोय हे उत्तर आपण वर्गात देतो, पण ते अर्धेच आहे. खरा फायदा असा की तिच्यात लांबी, घनफळ आणि वजन ही मापे एकमेकांना शिवलेली आहेत. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनात एक लिटर पाणी मावते आणि त्या पाण्याचे वजन जवळजवळ एक किलोग्रॅम भरते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की तेथे बरोबर एक लिटर पाणी जमा होते. शाळेचे छप्पर वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद आहे, पाऊस पन्नास मिलिमीटर झाला. तर २०० गुणिले ५०, म्हणजे दहा हजार लिटर पाणी छपरावर पडले. सातवीचा मुलगा हे तोंडी सांगेल.

हेच गणित ब्रिटिश मापांत करून पाहा. छप्पर ६६ फूट लांब, ३३ फूट रुंद आणि पाऊस दोन इंच. क्षेत्रफळ २,१७८ चौरस फूट. दोन इंच म्हणजे एक षष्ठांश फूट, म्हणून पाणी ३६३ घनफूट. त्याचे गॅलन किती? एका घनफुटात सुमारे ६.२३ ब्रिटिश गॅलन मावतात हे पाठ असेल तर उत्तर येते सुमारे २,२६१. आणि वजन हवे असेल तर एका गॅलनचे दहा पौंड हे आणखी एक वाक्य लक्षात ठेवायचे. येथे अडचण बाराने भागण्याची नाही. प्रत्येक वळणावर पाठांतराची एक नवी संख्या लागते, ही आहे.

यावरून आमचा मुद्दा स्पष्ट व्हावा. इंच वापरणे हा दोष नाही. एकाच हिशोबाच्या मधोमध मापनपद्धती बदलणे हा दोष आहे, कारण मेट्रिक पद्धतीची जी शिवण तिचे बळ आहे, ती तेथे उसवते.

शेतजमिनीचे उदाहरण घ्या. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. व्यवहाराची बोलणी मात्र एकर आणि गुंठ्यांत होतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. त्याचे क्षेत्रफळ १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. फरक इतका थोडा की पुष्कळ लोक आर आणि गुंठा एकच समजतात. एका हेक्टरला ही समजूत ११७ चौरस मीटरची, म्हणजे साडेबाराशे चौरस फुटांहून अधिक जागेची चूक करते. पुण्याच्या वेशीवरील गावांत तेवढ्या जागेवर एक घर उभे राहते.

अर्धवट बदलाची किंमत इतर देशांनीही मोजली आहे. कॅनडा मेट्रिक पद्धतीकडे वळत असताना, २३ जुलै १९८३ रोजी, एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना लिटरचे किलोग्रॅम करायचे होते. त्या इंधनाचा एक लिटर सुमारे ०.८ किलोग्रॅम भरतो. पौंडांत तोच आकडा १.७७ आहे. हिशोबात १.७७ घेतला गेला आणि विमान गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडाले. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले म्हणून प्राण वाचले. चूक लिटरची नव्हती आणि पौंडाचीही नव्हती. ती दोघांच्या सांध्यात होती.

आता पुन्हा खडकवासल्याकडे येऊ. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण २९.१५ टीएमसी आहे. शहराचा रोजचा वापर, केवळ हिशोबासाठी, १,५०० दशलक्ष लिटर धरू. आकडे असे शेजारी ठेवले तर काहीच उमगत नाही. पण धरणाचे पाणी दशलक्ष घनमीटरमध्ये लिहून पाहा. पाटबंधारे खात्याच्या भाषेत यालाच ‘दलघमी’ म्हणतात. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी, म्हणून चार धरणांत मिळून सुमारे ८२५ दलघमी पाणी मावते. एका घनमीटरात हजार लिटर असतात, तेव्हा शहराचा रोजचा वापर झाला दीड दलघमी. वर्षाचा सुमारे ५४७. म्हणजे भरलेल्या धरणांतील पाण्याचा दोन तृतीयांश वाटा. बाष्पीभवन आणि पावसाळ्यातील नवी आवक या हिशोबात धरलेली नाही, तरीही प्रमाण डोळ्यांपुढे येते.

आणखी एक पाऊल पुढे टाकू. या पाण्यापैकी दहा टक्के वाटेत गळून गेले असे समजा. दिवसाला १५० दशलक्ष लिटर ही संख्या ऐकून कोणी दचकणार नाही. वर्षाची बेरीज मात्र सुमारे ५५ दलघमी होते. खडकवासला धरणाची स्वतःची उपयुक्त साठवण १.९७ टीएमसी, म्हणजे सुमारे ५६ दलघमी. नळांतून झिरपणाऱ्या पाण्यात वर्षाला जवळजवळ एक खडकवासला वाहून जाईल! हे वाक्य पुणेकराला समजते. पण मापे वेगवेगळी असल्याने ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

हीच चार धरणे कालव्याने दौंड आणि इंदापूरकडच्या शेतीलाही पाणी देतात. शहराने किती घ्यावे आणि शेतीला किती सोडावे हा वाद दर उन्हाळ्यात निघतो. शहराचा आकडा दशलक्ष लिटरमध्ये येतो, कालव्याच्या आवर्तनाचा टीएमसीत. दोन पक्ष दोन मापांत बोलत असतील तर ऐकणाऱ्याने न्याय कसा करावा? ज्याला आकडे जुळवता येतात तो बोलतो आणि बाकीचे विश्वास ठेवतात किंवा संशय घेतात.

टीएमसी टिकून राहण्याला कारण आहे, हेही सांगितले पाहिजे. मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळते आणि कृष्णेच्या पाण्याचे राज्याराज्यांत झालेले वाटप टीएमसीतच आहे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले तेव्हापासून हा शब्द आपल्या राजकारणात रुजला. तो लगेच जाईल अशी आमची अपेक्षा नाही. पण वर्तमानपत्रांनी टीएमसीच्या शेजारी दलघमीचा आकडा छापायला काय हरकत आहे? आणि क्युसेकच्या शेजारी घनमीटर प्रति सेकंद?

वर्गात तर याची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपल्याकडे एककांचा धडा ‘पाच किलोमीटरचे मीटर करा’ येथे सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. त्यातून शून्ये देण्याचा सराव होतो; मापांचे नाते कळत नाही. त्याऐवजी जुलैमधील एका आठवड्याची कात्रणे मुलांकडून जमवून घ्यावीत आणि सर्व आकडे घनमीटरमध्ये आणून एकाच तक्त्यात लिहावेत. फळ्यावर तीन ओळी पुरतील: एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार घनमीटर, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. बाकीचे गणित मुले करतील. प्रशिक्षण वर्गातील आमच्या प्रश्नाचे उत्तरही त्यांनाच काढू द्यावे. २८.३ ला दीडने भागले की ते एकोणीस दिवसांच्या जवळपास येते.

त्यानंतर मुले वर्तमानपत्र घेऊन येतील आणि विचारतील, “सर, धरणात एवढे पाणी आहे तर मग पाणीकपात का?” या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ कदाचित नसेल. पण तो आकड्यांसह विचारला गेला, म्हणजे एककांचा धडा पूर्ण झाला असे समजावे.